गिरगावची लाकडी घरे आणि कॅमेरा : छायाचित्रांनी काय राखले, काय गाळले

१/
मुंबईच्या जुन्या छायाचित्रांत एक दृश्य वारंवार भेटते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरे, प्रत्येक मजल्याला पुढे आलेला लाकडी सज्जा, त्याला नक्षीदार कठडा आणि वर उतरते कौलारू छप्पर. रस्त्याचे नाव कधी काळबादेवी असते, कधी भुलेश्वर, कधी गिरगाव. ही घरे आता झपाट्याने नाहीशी होत आहेत आणि त्यांची छायाचित्रे तितक्याच वेगाने समाजमाध्यमांवर फिरत आहेत. ती कोणी काढली, कशासाठी काढली आणि त्या घरांत राहणारी माणसे त्यांत कितपत सापडतात, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
आधी जागेची ओळख. गिरगावचा पूर्वेतिहास तिथल्या नावांतच नोंदलेला आहे. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. भाट म्हणजे लागवडीची जमीन, वाडी म्हणजे बागायत. अठराव्या शतकात हा भाग कोटाबाहेरचा, शेते आणि माडांच्या बागांचा होता. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात भीषण आग लागली आणि दाट वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर कोटाबाहेर वस्ती पसरण्यास वेग आला. एकेका वाडीत घरे उभी राहिली, बाग गेली, नाव मात्र तेच राहिले.

३/
या घरांचा सांगाडा लाकडाचा असे. जाड सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्यांची जमीन. खांबांमधील भिंत विटांची, पण भार वाहण्याचे काम लाकडाचे. दोन तुळयांमधल्या अंतराला ‘खण’ म्हणत आणि घराचे माप खणांतच सांगितले जाई. ‘दोन खणांचे बिऱ्हाड’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. सज्जा पेलणाऱ्या लाकडी घोड्यांवर वेलबुट्टी कोरलेली असे. पावसाळ्यात कोकणपट्टीचा पाऊस भिंतीवर थेट आपटू नये, हे त्या पुढे आलेल्या सज्जाचे आणि छपराचे पहिले काम होते. शोभा त्यानंतरची.

४/
हे लाकूड येई कुठून? आरंभी मलबार आणि कारवारकडील जंगलांतून, समुद्रमार्गे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशातील सागवान मोठ्या प्रमाणावर व्यापारात आले. ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली, यावरून या व्यापाराचे वजन लक्षात येते. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी आजही ‘बर्मा टीक’ हा शब्द आदराने येतो. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापला आणि हा पुरवठा तुटला. तोवर सिमेंट-काँक्रीटचे युगही सुरू झाले होते. जुने घर पाडले की त्याच्या तुळया आणि दारे आजही वेगळी विकली जातात. घरापेक्षा त्याच्या लाकडाला अधिक किंमत येते, ही स्थिती नवी नाही.

५/
गिरगावातील सर्वांत प्रसिद्ध लाकडी वस्ती म्हणजे खोताची वाडी. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ती ओळखली जाते. त्यांच्याकडून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी भूखंड घेतले आणि घरे बांधली. पुढे ओटा, बाहेरून चढणारा जिना, रंगवलेले लाकडी कठडे आणि कौलारू छप्पर अशी त्यांची घडण. एकेकाळी येथे पासष्ट घरे होती, असे सांगितले जाते. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. मुंबईची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली आणि खोताची वाडी वारसा परिसरांत गणली गेली. तरीही गळती थांबली नाही.

६/
दुसरा आणि संख्येने फार मोठा प्रकार म्हणजे चाळ. एका ओळीत खोल्या, समोर सर्वांची सामायिक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. खोलीत मोरी आणि वर पोटमाळा. १९३१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. म्हणजे चाळ हा शहरातील अपवाद नव्हता, बहुसंख्यांचे घर तेच होते. खोली अपुरी असल्यामुळे झोपणे, अभ्यास, धान्य निवडणे, पापड वाळवणे, भांडणे आणि समेट ही सारी कामे गॅलरीत होत. लाकडी कठड्याची ही बाजू पुढे छायाचित्रांसंदर्भात महत्त्वाची ठरते.

७/
आता कॅमेऱ्याकडे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था फार लवकर निघाली. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ची स्थापना १८५४ ची. त्याच दशकात एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रण शिकवण्याचा वर्गही निघाला. सोसायटीच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः कसबी छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी याच काळात मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवला. कॅमेरा ही केवळ साहेबाची वस्तू होती, हा समज या नावांपुढे टिकत नाही.

८/
मात्र त्या काळच्या तंत्राने एक मोठी मर्यादा घातली होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हा रूढ होती. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे. काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. जे हलले ते पुसट झाले किंवा चित्रात उमटलेच नाही. म्हणून १८६० च्या सुमारास घेतलेले मुंबईचे गजबजलेले रस्ते कित्येकदा ओस वाटतात. घर स्थिर होते, ते आले. पाणी वाहणारी बाई चालत होती, ती आली नाही. अशा चित्रावरून ‘तेव्हा मुंबई किती शांत होती’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

९/
माणसे हवीच असत, तेव्हा त्यांना स्टुडिओत बसवले जाई. विल्यम जॉन्सन याचे ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींचे लोक मंदिर, तळे, रस्ता अशा पार्श्वभूमीवर उभे दिसतात. प्रत्यक्षात त्यांतील अनेक चित्रे जोडलेली आहेत. माणसे एका ठिकाणी टिपली आणि दृश्य दुसऱ्या ठिकाणचे लावले. हेतू ‘नमुना’ दाखवण्याचा होता. त्यामुळे पोशाख नेमका कळतो, पण ती व्यक्ती कोण, कुठल्या घरात राहणारी, हे कळत नाही. चेहरा आहे आणि नाव नाही, ही तक्रार मुंबईच्या जुन्या छायाचित्रांपुढे पुन्हा पुन्हा करावी लागते.

१०/
योगायोग असा की, जॉन्सनचा पहिला खंड आला त्याच वर्षी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. शहराचे बाजार, उद्योग, संस्था, सण आणि चालीरीती यांचे ते मराठीतील पहिले विस्तृत चित्रण. जॉन्सनने माणसे सुटी करून दाखवली, माडगांवकरांनी ती व्यवहारात गुंतलेली दाखवली. मुंबईचा अभ्यास करणाऱ्याने ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. चित्रात जे हलल्यामुळे निसटले, त्यातील बरेचसे मजकुरात सापडते.

११/
विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रमय पोस्टकार्डांची लाट आली. लाकडी सज्जांचे रस्ते हा त्यांचा आवडता विषय होता आणि खाली छापील ओळ असे, ‘नेटिव्ह टाऊन’. यांतील पुष्कळ कार्डे युरोपात छापली जात आणि काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर रंग छापखान्यातच चढवले जात. म्हणून पोस्टकार्डातील हिरवा कठडा किंवा तांबडे लुगडे हा पुरावा मानता येत नाही. रंग भरणाऱ्याने गिरगाव पाहिलेले असेलच, अशी खात्री नसते. कठड्याची घडण, दुकानाची पाटी, रस्त्यावरील वाहन यांवर मात्र विसंबता येते.

१२/
लाकडी घरांकडे कॅमेरा खऱ्या अर्थाने वळला तो एका संकटामुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घराघरांत तपासणी सुरू झाली. बाधित घरे पंपाच्या फवाऱ्यांनी धुतली जात, भिंतींना चुना लावला जाई, छपराची कौले उतरवून अंधाऱ्या खोल्यांत ऊन पाडले जाई. दाराशेजारच्या भिंतीवर वर्तुळे काढली जात, ती प्लेगच्या बळींची खूण. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगवली जात.

१३/
या मोहिमेची छायाचित्रे काढली गेली. त्यांचा एक संग्रह आज लंडनच्या वेलकम संग्रहात आहे आणि तो ‘क्लिफ्टन अँड कंपनी’ या मुंबईच्या स्टुडिओचा मानला जातो. सामान्य मुंबईकराच्या राहत्या घराचे इतके जवळून घेतलेले दर्शन त्याआधी क्वचितच मिळते. पण चित्राच्या मध्यभागी समिती, अधिकारी, सैनिक आणि पंप असतात. घरात राहणारे लोक कडेला, दारात, वरच्या सज्जात उभे असतात. त्यांचे सामान रस्त्यावर आलेले असते. हे घर कॅमेऱ्यासमोर आले ते आरोपी म्हणून. ज्यांना ते घर नको होते, त्यांनीच त्याची सर्वांत स्पष्ट नोंद ठेवली.

१४/
प्लेगमधून १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ जन्माला आला. दाट वस्त्या कापून समुद्राची हवा आत आणणे हा त्याचा हेतू होता. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, आणि चौपाटीकडून पूर्वेला डोंगरीच्या दिशेने जाणारा सँडहर्स्ट रोड हे रस्ते जुनी घरे पाडूनच निघाले. सँडहर्स्ट रोडचा गिरगावातील भाग आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणून ओळखला जातो. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही याच ट्रस्टच्या योजना. गिरगावची लाकडी चाळ आणि दादरची हवेशीर इमारत हा फरक एका पिढीत पडला, आणि गिरगावातील कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबे उत्तरेकडे सरकली.

१५/
पाडण्याआधी छायाचित्र घेण्याची रीत मुंबईपुरती नव्हती. ग्लासगोमध्ये १८६६ च्या कायद्याने सुधारणा ट्रस्ट आला आणि १८६८ ते १८७१ या काळात थॉमस अ‍ॅनन याने तिथल्या पाडायच्या गल्ल्या टिपल्या. पॅरिसमध्ये शार्ल मार्व्हिल याने जुने रस्ते नगरपालिकेसाठी नोंदवले, आणि त्यानंतर ते रुंद रस्त्यांखाली गेले. दोघांचे काम आज कला म्हणून पाहिले जाते. मुळात ती सरकारी कामे होती. नाहीशा होणाऱ्या घरांच्या छायाचित्रापुढे म्हणूनच पहिला प्रश्न असा असावा : या चित्राचे पैसे कोणी दिले?

१६/
याच संदर्भात इस्तंबूल आठवते. ऑटोमन राजधानीतील सामान्य माणसाचे घर लाकडी असे. वरच्या मजल्याची खिडकी रस्त्यावर पुढे आलेली असे, तिला तुर्की भाषेत ‘जुम्बा’ म्हणतात. वारंवार लागणाऱ्या आगींनी ही घरे खाल्ली. १९१८ च्या एकाच आगीत फातिह भागातील हजारो घरे भस्म झाली. उरलेली काँक्रीटने हटवली. १९५० नंतरच्या इस्तंबूलचे छायाचित्रण आरा ग्युलेर (१९२८–२०१८) या वृत्तछायाचित्रकाराने केले. कललेली लाकडी घरे, ओला रस्ता, हातगाडीवाला, खेळणारी पोरे. ओरहान पामुक यांच्या २००३ मधील ‘इस्तंबूल’ या आठवणींच्या पुस्तकात ग्युलेर यांची अनेक चित्रे आहेत.

१७/
इस्तंबूल आणि गिरगाव यांच्यातील फरक बोलका आहे. जुम्बा एका कुटुंबाची, आतून बाहेर पाहण्यासाठी. चाळीची गॅलरी सर्वांची, तिथे पाहणारा स्वतःही पाहिला जातो. ग्युलेर सरकारसाठी काम करत नव्हता. वर्तमानपत्रासाठी हिंडणारा, त्याच शहरात वाढलेला तो माणूस होता. त्याच्या चित्रांत घर आणि माणूस एकत्र येतात, ते त्यामुळे. मुंबईतही असे डोळे होते. फॉय निसेन (१९३१–२०१८) यांनी दीर्घकाळ पायी हिंडून जुन्या मुंबईची घरे आणि गल्ल्या टिपल्या. होमाई व्यारावाला यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचे दैनंदिन जीवन टिपण्यास आरंभ केला. त्यांची आरंभीची काही चित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. स्त्री छायाचित्रकाराचे नावही पुसले जाण्याचा तो काळ.

१८/
गिरगावच्या उत्तरेला परळ-लालबाग, म्हणजे गिरणगाव. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली, आणि पुढच्या अर्धशतकात या भागावर धुराड्यांचे राज्य आले. कोकण आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहत. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून चालवलेल्या गावकीच्या खोल्या होत्या, आणि बायकांनी चालवलेल्या खानावळी होत्या. पाळी बदलली की एकाने सोडलेल्या जागी दुसरा झोपे. गिरणीच्या इमारतीची, यंत्रांची, मालकांची छायाचित्रे मिळतात. खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे जुने छायाचित्र शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते.

१९/
सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी लाकडाच्या नव्हत्या, हेही लक्षात ठेवावे. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि त्याने काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यामुळे कौलारू छपराची, लाकडी कठड्याची चाळ ‘बीडीडी’ म्हणून फिरताना दिसली, तर ती ओळख चुकीची आहे. साहित्य बदलले, पण सामायिक नळ आणि खोलीची तंगी काँक्रीटमध्येही तशीच राहिली.

२०/
घराच्या आतले काय? खोलीच्या आत प्रकाश कमी, फिल्म मंद, फ्लॅश महाग. १९०० मध्ये कोडॅकचा स्वस्त ‘ब्राउनी’ आल्यानंतर हौशी कॅमेरे हळूहळू मध्यमवर्गात आले, पण त्यांनाही ऊन लागेच. म्हणून चाळीतले कौटुंबिक छायाचित्र बहुधा गॅलरीत, चौकात किंवा गच्चीवर घेतलेले असते. बारसे, मुंज, मॅट्रिक पास झालेला मुलगा, माहेरी आलेली लेक. चूल, मोरी आणि पोटमाळा क्वचितच दिसतात. ज्या जागेत बाईचा सारा दिवस जाई, ती जागा प्रकाशाअभावी इतिहासातून गळली.

२१/
पण गॅलरीत उभ्या असलेल्या त्याच कुटुंबामागे पुष्कळ काही अनवधानाने टिपले गेले. दोरीवरचे कपडे, तुळशीचे डबडे, सायकल, शेजाऱ्याच्या दारावरची पाटी, कठड्याचा झिजलेला कोपरा. गणेशोत्सवाची सामुदायिक छायाचित्रे याहूनही समृद्ध. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. चिंचपोकळी, गणेशगल्ली, लालबाग येथील मंडळे नंतरची. मंडळाच्या वार्षिक छायाचित्रात रांगेने बसलेले रहिवासी, मागे लाकडी जिना आणि पुढे पाटी धरलेली मुले असतात. पाटीवर साल असते. जॉन्सनच्या खंडांत जे मिळाले नाही, ते इथे मिळते : ठिकाण, वर्ष आणि नावानिशी ओळखता येणारी माणसे.

२२/
मग ही घरे का मोडली? आगीने नव्हे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचवणारा हा कायदा होता आणि त्याने लक्षावधी लोकांना वाचवलेही. पण लाकडी घराला सतत डागडुजी लागते. कौले परतायची, वाळवी लागलेली तुळई बदलायची. गोठलेल्या भाड्यात मालकाने ते करणे सोडले आणि भाडेकरूला ते परवडेना. पागडीची देवघेव होत राहिली, त्यातून दुरुस्ती मात्र झाली नाही.

२३/
१९६९ मध्ये राज्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि दुरुस्ती मंडळाने करायची. शहर बेटावरील १९,६४२ इमारती या ‘उपकरप्राप्त’ यादीत आल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. एवढ्या आकड्यापुढे निधी अपुराच ठरला. सज्जाखाली लाकडी किंवा लोखंडी टेकू आले, कोरीव घोड्यांच्या जागी लोखंडी तुळया आल्या, कठडे काढून जाळ्या आणि सरकत्या खिडक्या बसल्या. १९७० नंतरच्या छायाचित्रांत हा बदल मजल्यामजल्याने वाचता येतो.

२४/
१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने जुनी इमारत पाडून तिथेच उंच इमारत बांधण्यास अधिक चटईक्षेत्र मिळू लागले. रहिवाशाला मोफत मोठी खोली, विकासकाला विक्रीयोग्य मजले. मेट्रो-३ साठी गिरगाव आणि काळबादेवी येथील काही जुन्या इमारती गेल्या. ती मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. येथे हळहळीला एक मर्यादा पाळावी लागते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. मध्यरात्री सामायिक संडासासाठी जिना उतरणाऱ्या वृद्धेला नवे घर हवे असेल, तर ‘वारसा’ हा शब्द तिच्याविरुद्ध वापरता येणार नाही.

२५/
म्हणून प्रश्न घर राखावे की पाडावे एवढाच उरत नाही. पाडले जाणार असेल, तर त्याची नोंद कोणाच्या हाती असावी, हा खरा प्रश्न आहे. १८९७ मध्ये ती समितीच्या हाती होती. आज ती विकासकाच्या मोजणीत, मंडळाच्या फाइलीत आणि ‘धोकादायक’ अशी पाटी लागलेल्या दर्शनी भागाच्या छायाचित्रात आहे. या नोंदीत क्षेत्रफळ येते, राहणाऱ्यांचे जगणे येत नाही. ते ज्या अल्बमांत आहे, ते अल्बम घर रिकामे होताना पोटमाळ्यावरून खाली येतात. काही नव्या घरी जातात. काही रद्दीत किंवा चोरबाजारात पोचतात, आणि तिथे ते ‘जुन्या मुंबईचे अनामिक कुटुंब’ होऊन विकले जातात.

२६/
जुने छायाचित्र हाती आल्यास काळ ठरवण्याच्या काही खुणा. चपटी मंगलोरी कौले दिसली, तर चित्र १८६५ नंतरचे, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना त्या वर्षीचा. रस्त्यावर गॅसचा दिवा असेल, तरीही १८६५ किंवा नंतरचे. घोड्यांची ट्राम असेल तर मे १८७४ नंतरचे. विजेची ट्राम असेल तर मे १९०७ नंतरचे. मोटारबस दिसली तर बहुधा जुलै १९२६ नंतरचे. कोणतीही ट्राम धावत असेल तर ३१ मार्च १९६४ पर्यंतचे, कारण त्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली.

२७/
या खुणा वापरताना एक सावधगिरी हवी. खूण फक्त ‘याच्या आधीचे नाही’ किंवा ‘याच्या नंतरचे नाही’ एवढेच सांगते. नळीची जुनी कौले मंगलोरी कौले आल्यानंतरही अनेक वर्षे टिकली, तेव्हा त्यांवरून चित्र जुने ठरवता येत नाही. पाटीवरील लिपी, रस्त्याचे तेव्हाचे नाव, विजेच्या तारा, पोशाख या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी. आणि चित्राखाली समाजमाध्यमावर कोणीतरी लिहिलेले ‘गिरगाव, १८८०’ हे कोणत्याही साक्षीवाचून मान्य करू नये.

२८/
शेवटचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यापुरते मर्यादित नाही. घरात चाळीचे, वाडीचे, जुन्या गॅलरीचे छायाचित्र असेल, तर घरातील ज्येष्ठ हयात असतानाच त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, चाळीचे नाव आणि खोलीचा क्रमांक, वर्ष किंवा प्रसंग, चित्र कोणी काढले, आणि मागे दिसणारी वस्तू कोणाची. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते, म्हणून पेन्सिलच. मग त्याची प्रत काढावी, पाठच्या बाजूसह. चेहरा ओळखणारी शेवटची व्यक्ती गेली की ही पाच उत्तरे कोणत्याही अभिलेखागारात मिळत नाहीत.